शामक गोळ्या, दारू आणि अवलंबित्व : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमधून मेफेड्रोनचा मोठा साठा जप्त केला, तेव्हापासून अमली पदार्थ म्हटले की आपल्या भागात त्याचीच चर्चा होते, आणि ती व्हायलाही हवी. परंतु सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत ज्यांच्याविषयी काळजीने विचारले आहे, ते पदार्थ वेगळ्या जातीचे आहेत. मेफेड्रोन मेंदूला चेतवते. झोपेच्या गोळ्या, ‘टेन्शनच्या’ गोळ्या आणि दारू मेंदूचे काम मंदावतात. या शामक पदार्थांना चोरवाटेची गरज लागत नाही. ते औषधाच्या दुकानातून आणि परवान्याच्या बारमधून उघडपणे घरात येतात, आणि म्हणूनच त्यांच्यामुळे होणारा त्रास घराला फार उशिरा कळतो. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

प्रश्न : माझे सासरे 68 वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पावसात आमची द्राक्षबाग दावण्या रोगाने गेली आणि त्याच वर्षी सासूबाई वारल्या. नानांना झोप येईना, म्हणून डॉक्टरांनी 0.25 मिलिग्रॅमची अल्प्राझोलामची गोळी पंधरा दिवसांसाठी दिली. ती आजतागायत चालू आहे आणि आता रात्री 0.5 च्या दोन गोळ्या लागतात. गेल्या महिन्यात लग्नाला परगावी गेलो तेव्हा स्ट्रिप घरीच राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात इतके थरथरत होते की बशीतला चहा सदऱ्यावर सांडला. रात्रभर ते घामाघूम होऊन अंगणात येरझाऱ्या घालत होते. माझे पती म्हणतात, नानांना व्यसन लागले आहे, गोळ्या फेकून द्या. नाना म्हणतात, मी आयुष्यात सुपारीचे खांडसुद्धा तोंडात टाकले नाही, मला व्यसनी म्हणू नका. आम्ही काय करावे? (एक सून, तासगाव तालुका)

उत्तर : ताई, सर्वांत आधी एक विनंती. गोळ्या फेकून देऊ नका. चार वर्षे रोज घेतलेली अल्प्राझोलाम एका रात्रीत बंद केली तर नुसती झोप उडून भागत नाही, फिट येऊ शकते, आणि या वयात ती जिवावर बेतू शकते. लग्नघरी जे घडले ते याच त्रासाचे सौम्य रूप होते.

बाप-लेकांच्या वादात ज्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या वैद्यकशास्त्र वेगळ्या मानते. औषधाची शरीराला सवय होऊन ते थांबवताच त्रास होणे, हे शारीरिक अवलंबित्व. पदार्थाची अनावर ओढ लागणे, तो मिळवण्यासाठी खोटे बोलणे, घर, शेती, कामधंदा बाजूला पडणे आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही थांबता न येणे, हे व्यसन. तुमच्या पत्रावरून नानांच्या बाबतीत पहिली गोष्ट स्पष्ट दिसते, दुसरीची चिन्हे दिसत नाहीत. डॉक्टरांनी दिलेली गोळी सांगितल्या वेळी घेणाऱ्या शिस्तीच्या माणसालाही अवलंबित्व येते. त्याचा स्वभावाशी किंवा संस्कारांशी काही संबंध नाही. त्यामुळे त्यांना घरात कोणीही व्यसनी म्हणू नये. तो शब्द एकदा कानावर पडला की माणूस गोळ्या लपवून घेऊ लागतो आणि उपचाराची वाट तिथेच बंद होते.

हे घडते कसे, ते थोडे समजून घेऊ. मेंदूत गाबा नावाचे रसायन पेशींना शांत करते आणि ग्लुटामेट नावाचे रसायन त्यांना चेतवते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, नायट्रॅझेपाम या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या गाबाचा संदेश घेणाऱ्या पेशीवरील रिसेप्टरवर बसून त्याचा परिणाम वाढवतात, पेशीत क्लोराइडचे कण अधिक शिरतात आणि पेशी सहजी उद्दीपित होत नाही. पहिल्या आठवड्यात इतकी गाढ झोप लागते ती यामुळे. परंतु मेंदू हा बदल निमूटपणे चालू देत नाही. तराजूच्या एका पारड्यात रोज वजन पडू लागले, की काटा मध्यावर आणण्यासाठी तो दुसऱ्या पारड्यात तेवढेच वजन टाकतो, म्हणजे गाबाचे रिसेप्टर कमी दाद देऊ लागतात आणि ग्लुटामेटची बाजू बळावते. मग 0.25 ने झोप येईनाशी होते, 0.5 लागते, पुढे त्याच्या दोन लागतात. अशा स्थितीत गोळीचे वजन अचानक उचलले गेले, की चेतवणारे पारडे एकदम खाली येते. थरथर, घाम, छातीतील धडधड, उजेड आणि आवाज सहन न होणे, स्नायू आपोआप उडणे आणि टोकाच्या स्थितीत फिट येणे किंवा भ्रम होणे, हे सारे त्यातूनच होते.

अल्प्राझोलामच्या बाबतीत ही अडचण अधिक, कारण तिचा अंमल लवकर ओसरतो. तिचे रक्तातले प्रमाण निरोगी प्रौढात साधारण 11 तासांत निम्मे होते, वृद्धात त्याला काहीसा अधिक वेळ लागतो. डायझेपामला एक ते दोन दिवस लागतात आणि त्यापासून शरीरात तयार होणारा क्रियाशील घटक त्याहूनही जास्त काळ टिकतो. म्हणून डायझेपाम चुकली तर तीन-चार दिवस काही जाणवत नाही, आणि अल्प्राझोलाम चुकली तर दुसऱ्याच दिवशी बशी हलते. यात रुग्णाची एक मोठी फसगत होते. गोळी उतरताना होणारा त्रास हुबेहूब मूळ तक्रारीसारखा, म्हणजे निद्रानाश आणि घबराटीसारखा असतो. रुग्णाला वाटते की आपला आजार अजून बरा झालेला नाही, नातेवाइकांनाही तसेच वाटते, आणि गोळी पुढे चालू राहते.

हे ज्ञान नवे नाही. 1903 मध्ये बाजारात आलेल्या बार्बिट्युरेट गटाच्या झोपेच्या औषधांनी जगभर असंख्य लोकांना अवलंबित्वात लोटले आणि मात्रा थोडी जास्त झाल्याने अनेकांचा श्वास थांबला. त्यांना सुरक्षित पर्याय म्हणून 1960 मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आणि 1963 मध्ये डायझेपाम आले. ते अधिक सुरक्षित होते हे खरे, परंतु सवय लागत नाही हा समज खोटा ठरला. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने 1988 मध्येच सांगितले होते की या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ देऊ नयेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये या संपूर्ण गटाच्या वेष्टनपत्रकावर अवलंबित्वाचा आणि अचानक बंद करण्याच्या धोक्याचा ठळक चौकटीतील इशारा सक्तीचा केला. असे असूनही पंधरा दिवसांची चिठ्ठी आपल्याकडे चार-चार वर्षे चालते, याचे मला एक डॉक्टर म्हणून मनापासून दुःख होते. गोळी सुरू करताना ती कधी थांबवायची हे सांगणे ही लिहून देणाऱ्याची जबाबदारी आहे.

नानांच्या वयात ही गोळी कमी करणे आणखी एका कारणासाठी गरजेचे आहे. वृद्धांच्या शरीरात औषध जास्त वेळ राहते. रात्री लघवीला उठताना पाय लटपटतात, उंबऱ्याला अडखळून पडले की खुब्याचे हाड मोडते, आणि खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर कित्येक वृद्ध पुन्हा पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. शिवाय विसराळूपणा वाढतो, आणि तो वयामुळे आहे असे समजून सोडून दिला जातो.

आता काय करावे? नानांना मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मिरज आणि सांगली या दोन्ही शासकीय रुग्णालयांत हा विभाग आहे. तिथे बहुधा सध्याची मात्रा तशीच ठेवून, किंवा तिच्याऐवजी सावकाश उतरणारी त्याच गटातील गोळी देऊन, दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्क्यांनी मात्रा कमी केली जाईल. चार वर्षांच्या सवयीला कित्येक महिने लागणे स्वाभाविक आहे. मध्येच एखाद्या टप्प्यावर त्रास वाढला तर तिथेच काही आठवडे थांबता येते. हा हिशेब घरी सुरीने गोळीचे तुकडे करून मांडू नका. गोळ्यांचा ताबा तुमच्याकडे ठेवा, पण नानांना विश्वासात घेऊन. त्यांची स्ट्रिप त्यांना न सांगता कपाटात कुलूपबंद करू नका.

तुमच्या पत्रात एक गोष्ट ओघात येऊन गेली आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. एकाच वर्षी बाग गेली आणि सहचारिणी गेली. त्या दुःखावर चार वर्षे रात्रीची गोळी पडत राहिली, त्याबद्दल बोलणे मात्र राहून गेले. गोळी कमी होऊ लागेल तसे ते दुःख वर येईल, तेव्हा कोणीतरी त्यांच्याजवळ बसायला हवे. नैराश्य आहे का, याची तपासणी डॉक्टरांकडून मुद्दाम करून घ्या, कारण असल्यास त्याचा उपचार वेगळा आहे. झोपेसाठी ठरावीक वेळी उठणे, दुपारची दीर्घ झोप टाळणे, चारनंतर चहा बंद करणे, आणि झोप येत नसताना अंथरुणात तळमळत पडून न राहणे, या सवयींचा पद्धतशीर उपचार उपलब्ध आहे आणि दीर्घकाळात तो गोळीपेक्षा टिकाऊ ठरतो. रात्रीच्या विजेच्या पाळीला मोटर चालू करायला नाना उठत असतील, तर ते काम निदान या काही महिन्यांत तुमच्या पतींनी करावे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. नैराश्यासाठी मला दोन महिन्यांपासून गोळी चालू आहे. आता बरे वाटते. शेजारच्या काकू म्हणतात की या गोळ्यांची सवय लागते, म्हणून मी त्या बंद करण्याच्या विचारात आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : नैराश्यावरील एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधे शामक गटात मोडत नाहीत. ती नशा आणत नाहीत आणि त्यांची ओढही लागत नाही; मात्र तीही अचानक बंद केली तर चक्कर, चिडचिड, अंगात झिणझिण्या असा त्रास होतो, आणि बरे वाटू लागताच थांबवल्यास आजार उलटण्याचा संभव असतो. त्यामुळे ती आपण मनाने थांबवू नये.

तरीही काकूंच्या बोलण्याची एक बाजू तपासून पाहावी. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास विकले जाते. स्ट्रिपच्या मागील बाजूस दोन नावे छापली आहेत का, ते आजच पाहा. असल्यास पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा की क्लोनाझेपामचा भाग आता हळूहळू काढून नुसते एस्सिटालोप्राम ठेवता येईल का. हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न : मी कराडला शिकतो. आमच्या खोलीवरची दोन मुले शनिवारी बिअरबरोबर झोपेची गोळी घेतात. त्यांच्या मते एका बिअरमध्ये तिघांची ‘किक’ येते आणि पैसे वाचतात. गेल्या वेळी त्यांतील एकजण सकाळी अकरापर्यंत उठलाच नाही, घोरण्याचा आवाज विचित्र येत होता. सगळे हसत होते. मला भीती वाटली. (एक विद्यार्थी)

उत्तर : तुझी भीती योग्य होती आणि तुझ्या पत्रामुळे कदाचित एखादा जीव वाचेल, म्हणून तपशिलाने सांगतो.

केवळ बेंझोडायझेपिनची गोळी जास्त घेतली तर निरोगी तरुण माणूस बहुतेक वेळा गाढ झोपून बाहेर येतो, कारण ही गोळी गाबाच्या आधारानेच काम करते आणि तिच्या परिणामाला त्यामुळे मर्यादा पडते. दारू मिसळली की ही मर्यादा राहत नाही. दारू गाबाचा परिणाम वाढवते आणि त्याच वेळी ग्लुटामेटला दाबते. दोघांचा भार मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वासकेंद्रावर एकदम पडतो. शरीर इतके सुस्त झालेले असते की उलटी आली तरी ठसका लागत नाही आणि ती श्वासनलिकेत जाते. तुला ऐकू आलेला तो विचित्र आवाज बहुधा जीभ आणि घसा सैल पडल्याने अडलेल्या श्वासाचा होता. ट्रॅमाडोल, टॅपेंटाडोल किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध या अफूसारखे काम करणाऱ्या ओपिऑइड औषधांची जोड मिळाली तर धोका आणखी वाढतो.

राज्याच्या काही भागांत ‘बटन’ किंवा ‘कुत्ता गोळी’ म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा नायट्रॅझेपाम किंवा अल्प्राझोलामच असते. नाव गमतीचे असले तरी आत तेच औषध असते. या मिश्रणानंतर माणूस बोलतो, चालतो, मोटारसायकलही चालवतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्यातले काहीही आठवत नाही, कारण नव्या आठवणी साठवण्याचे कामच त्या तासांत बंद पडलेले असते.

पुन्हा असे घडले तर हाक मारून आणि खांदा जोराने हलवून पाहा. माणूस जागा होत नसेल, श्वास अडखळत किंवा फार सावकाश चालला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर 108 ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात दुमडा, तोंड किंचित खाली करा आणि शेजारी बसून श्वासाकडे लक्ष ठेवा. श्वास थांबला तर फोनवर सांगितल्याप्रमाणे छातीवर दाब देणे सुरू करा. लिंबूपाणी, ताक, मिठाचे पाणी, कॉफी यांपैकी काहीही पाजू नका, उलटी काढण्याचा प्रयत्न करू नका, डोक्यावर बादली ओतू नका. ‘झोपेतच उतरेल’ असे म्हणून खोलीचे दार लावून घेणे हे यात सर्वांत घातक. गोळीची रिकामी स्ट्रिप बरोबर न्या आणि डॉक्टरांना खरे सांगा. पोलीस, कॉलेज, घरचे लोक यांची काळजी त्यानंतर करता येईल.

प्रश्न : माझे मिरजेत औषधाचे दुकान आहे. रोज ओळखीची माणसे जुनी, घडी पडून फाटलेली चिठ्ठी घेऊन येतात आणि झोपेच्या गोळ्या मागतात. नाही म्हटले तर पुढच्या दुकानात जातात. काहीजण आपल्याच माणसांपैकी, वयस्कर आहेत. मी काय करावे? (एक औषधविक्रेता)

उत्तर : नियम आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहेत, परंतु इतर वाचकांसाठी ते सांगतो. 1 मार्च 2014 पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्रॅझेपाम, झोलपिडेम ही औषधे औषध नियमांच्या एच-1 या परिशिष्टात आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले याची वेगळ्या नोंदवहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते, आणि डॉक्टरांनी पुन्हा देण्यास लिहिलेले नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध देता येते.

आपला खरा प्रश्न मात्र नियमापलीकडचा आहे. चार वर्षे गोळी घेणाऱ्या आजोबांना एकाएकी ‘नाही’ म्हटले तर त्या रात्री त्यांना फिट येऊ शकते, आणि ‘हो’ म्हटले तर अवलंबित्व पुढे चालू राहते. माझे मत असे की अशा ग्राहकाला परत पाठवताना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोहोचवण्याची व्यवस्था करावी. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा, घरातल्या जाणत्या माणसाला बोलावून घ्यावे, आणि ही गोळी एकदम बंद करायची नसते हे स्पष्ट सांगावे. कात्रीने स्ट्रिप कापून चार-चार गोळ्या देण्याची पद्धत तर कृपया बंद करा. कापलेल्या तुकड्यावर औषधाचे नाव राहत नाही, मुदतीची तारीख राहत नाही, आणि अपघात घडला तर माणूस काय घेऊन पडला आहे हे अपघात विभागातल्या डॉक्टरांना कळण्याचा मार्गही राहत नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, 10 ते 75 या वयोगटातील सुमारे 1.08 टक्के लोक शामक औषधे वैद्यकीय सल्ल्याबाहेर वापरत असल्याचे आढळले. म्हणजे देशभरात एक कोटीहून अधिक माणसे. त्यांतील पुष्कळांना रोज पाहणारा पहिला आरोग्यकर्मी आपल्यासारखा विक्रेता असतो.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ 42 वर्षांचा आहे. पंधरा वर्षे तो रोज दारू पितो, अलीकडे सकाळी उठल्या उठल्याही लागते. गेल्या वर्षी पालखी लोणंद-फलटण मार्गाने गेली तेव्हा तो दर्शनाला गेला, माळ घालून आला आणि त्या दिवसापासून थेंबही घेतला नाही. आम्हाला आनंद झाला. तिसऱ्या रात्री तो गोधडीवरून काहीतरी वेचू लागला, भिंतीवर किडे दिसतात म्हणाला, आम्हाला ओळखेना. आईला वाटले बाहेरचे काही लागले, म्हणून अंगारा लावला आणि एका देवऋषीला बोलावले. सकाळी त्याला फिट आली तेव्हा दवाखान्यात नेले. तो वाचला, पण माळ काढली आणि पुन्हा पिऊ लागला. म्हणतो, दारू सोडली की मी मरतो. आता यंदा परत सोडायची म्हणतोय. शिवाय एकाने त्याच्या नकळत चहातून द्यायची पावडर आणून दिली आहे. देऊ का? (एक बहीण, कोरेगाव तालुका)

उत्तर : ताई, तुमच्या भावाने जे अनुभवले त्याला वैद्यकीय भाषेत डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. गोधडीवरून नसलेल्या वस्तू वेचणे हे त्याचे इतके ठळक लक्षण आहे की ते वाचताच दुसरे काही विचारावे लागले नाही. दारूही गोळ्यांप्रमाणेच मेंदूला दाबते आणि मेंदू तसाच उलट जोर लावून बसतो. पंधरा वर्षांचा तो दाब एका दिवसात निघाला, की साधारण सहा तासांनंतर थरथर आणि मळमळ सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका सर्वाधिक असतो, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, भास, ताप, प्रचंड घाम अशी ही अवस्था येते. उपचार झाले नाहीत तर यात माणसे दगावतात. अंगाऱ्यात आणि देवऋषीत गेलेली ती एक रात्र फार मोलाची होती. अशी वेळ पुन्हा आली तर त्याच रात्री गाडी काढा.

‘दारू सोडली की मी मरतो’ हे त्याचे म्हणणे म्हणून पूर्णपणे खोटे नाही. ते सबब म्हणून उडवून लावू नका. त्याला सांगा की दारू सोडल्याने नव्हे, तर औषधाविना एकदम सोडल्याने जीव धोक्यात आला होता. रुग्णालयात दाखल होऊन सोडली, तर क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा यकृत बिघडलेले असल्यास लोराझेपाम भरपूर मात्रेत सुरू करून साधारण आठवड्याभरात कमी करत बंद केली जाते. पहिल्या पत्रात जिला सांभाळून सोडवायला सांगितले, त्याच गटातली गोळी येथे जीव वाचवते. फरक आहे तो किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली, याचा. थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनेही आवश्यक असतात, आणि ती सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी किंवा त्यासोबत द्यावी लागतात. गावातल्या दवाखान्यात ‘अशक्तपणाची’ ग्लुकोजची बाटली लावण्याआधी तो रोज दारू पितो हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका. थायमिनच्या अभावी स्मृती कायमची जाऊ शकते.

माळ घालण्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. आपल्या भागात कित्येक घरे त्या माळेने सावरलेली आहेत. वर्षानुवर्षे दारूपासून दूर राहायला जो आधार लागतो, तो वारकरी सोबत्यांकडून, भजनाच्या मेळ्यातून, दिलेल्या शब्दाच्या लाजेतून मिळतो, आणि तो कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. मागणे एवढेच की आधी आठ-दहा दिवस रुग्णालय आणि मग माळ. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यात उभ्या केलेल्या ‘परिवर्तन’ संस्थेचे व्यसनमुक्तीचे काम आपल्या जिल्ह्यात आहे, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मराठीतून सल्ला मिळतो. दाखल करण्यापूर्वी त्याने घरी एकदम दारू थांबवू नये. हे लिहिणे एका डॉक्टरला जड जाते, तरीही लिहितो, कारण रुग्णालयातील तारीख मिळेपर्यंतच्या दोन-चार दिवसांतच घात होतो. हात थरथरू लागले किंवा भास सुरू झाले, तर तारखेची वाट न पाहता अपघात विभागात न्या.

राहिली ती पावडर. ती देऊ नका. अशा पुड्यांत काय असते हे पाकिटावर लिहिलेले नसते. काहींत डायसल्फिराम असू शकते. ते पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती भरून येते आणि रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जातो. हे औषध योग्य तपासण्यांनंतर, रुग्णाला सर्व समजावून आणि त्याच्या संमतीनेच दिले जाते. ज्याला आपण ते घेतले आहे हे माहीतच नाही, तो नेहमीसारखा पिणार आणि कोसळणार. दारूची ओढ कमी करण्यासाठी नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधे उपलब्ध आहेत. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या पाहून त्यांतील कोणते द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. जाताना ती पुडी पाकिटासह बरोबर न्या आणि डॉक्टरांना दाखवा. ती आधी कधी दिली गेली असेल, तर तेही त्यांना सांगा.